घोट्यापर्यंत पाणी

मागील अंकात 'इस्लाम आणि निसर्गाप्रती माणसाची जबाबदारी' या विषयावर वाचकांकडून प्रश्न मागवले होते. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली आणि त्यांतली निम्म्याहून अधिक पाण्याविषयीची होती, हे कृष्णाकाठचे वाचक पाहता स्वाभाविकच म्हटले पाहिजे. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : कुराणात माणसाला पृथ्वीवरचा खलिफा म्हटले आहे आणि आकाशात व जमिनीवर जे आहे ते सारे त्याच्या सेवेला लावले आहे, असेही सांगितले आहे. मग निसर्गाचा हवा तसा वापर करण्याची मुभा धर्मानेच माणसाला दिली, असा त्याचा अर्थ होत नाही का?
– महाविद्यालयीन विद्यार्थी, कराड

उत्तर : आपण दोन्ही आयतींचा, म्हणजे कुराणातील वचनांचा, उल्लेख बरोबर केला आहे. अडचण आहे ती 'खलिफा' या शब्दाला आपल्याकडे जो 'बादशहा' असा अर्थ येऊन चिकटला आहे, त्याची. मूळ अरबी शब्दात मागाहून येणारा, दुसऱ्याच्या वतीने कारभार पाहणारा, असा भाव आहे. मराठीत त्याला सर्वांत जवळचा शब्द सुचवायचा तर मी 'मुखत्यार' हा सुचवीन. मुखत्याराकडे अधिकार पुष्कळ असतात, परंतु ते त्याचे स्वतःचे नसतात, आणि ज्याने ते दिले त्याच्यापुढे एक दिवस वह्या उघडून ठेवाव्या लागतात. आपल्या भागात खंडाने जमीन कसणारा माणूस विहिरीचे पाणी घेतो, पीक काढतो, बांधावरच्या आंब्याचे चार आंबेही खातो. पण तो आंबा मुळापासून तोडायचा झाला तर मालकाला विचारल्याशिवाय कुऱ्हाड लावत नाही.

सूरह (अध्याय) अल-बकराच्या ज्या ३०व्या आयतीत ही नेमणूक जाहीर होते, तिच्याच पुढच्या शब्दांकडे आपण लक्ष द्यावे, अशी माझी विनंती आहे. फरिश्ते तत्काळ विचारतात, की जो पृथ्वीवर फसाद माजवील आणि रक्त सांडील अशाला तू तेथे नेमणार आहेस का? म्हणजे माणूस जन्माला येण्याआधीच त्याच्याविषयी जी शंका बोलून दाखवली गेली, ती पृथ्वी बिघडवण्याची होती. अल्लाहने ही शंका खोटी ठरवली नाही. तुम्हाला जे ठाऊक नाही ते मला ठाऊक आहे, एवढेच उत्तर दिले. ती शंका खरी ठरवायची की खोटी, हे आपल्या वागण्यावर सोडलेले आहे, असे ही आयत वाचताना मला नेहमी वाटत आले आहे.

दुसरा शब्द 'अमानत' हा आहे. सूरह अल-अहजाबच्या ७२व्या आयतीत सांगितले आहे, की आकाश, पृथ्वी आणि पर्वत यांच्यापुढे अमानत ठेवली गेली तेव्हा ते भ्याले व त्यांनी ती नाकारली. माणसाने मात्र ती उचलली, आणि तो मोठा जुलमी व अजाण निघाला. भाडेकरू घरमालकाकडे 'अनामत' ठेवतो किंवा निवडणुकीत उमेदवाराची 'अनामत' जप्त होते, असे आपण मराठीत रोज म्हणतो, तो शब्द याच अमानतीपासून आलेला आहे. ठेवलेली वस्तू जशी घेतली तशी परत करावयाची असते, हे कोणत्याही मराठी माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आता 'सेवेला लावले' या शब्दांविषयी. बैल औताला जुंपता येतो, म्हणून बैल उपाशी ठेवण्याचा अधिकार मिळत नाही. सूरह अल-अनआमच्या ३८व्या आयतीत तर जमिनीवर चालणारा प्रत्येक प्राणी आणि पंखांनी उडणारा प्रत्येक पक्षी यांना 'तुमच्यासारखेच समाज' म्हटले आहे, आणि सूरह गाफिरच्या ५७व्या आयतीत आकाश व पृथ्वी यांची निर्मिती माणसाच्या निर्मितीपेक्षा मोठी असल्याचे स्पष्ट सांगितले आहे. ज्या ग्रंथात ही दोन वाक्ये आहेत, त्या ग्रंथातून मालकी हक्काचा दाखला काढणे शक्य नाही. पैगंबर (स.) यांची एक हदीस, म्हणजे परंपरेने नोंदले गेलेले वचन, इमाम मुस्लिम यांच्या संग्रहात आहे: हे जग गोड आणि हिरवेगार आहे, अल्लाहने तुम्हाला त्यात कारभारी नेमले आहे आणि तुम्ही कसे वागता ते तो पाहणार आहे. वापर आणि पाहणी या दोन्ही गोष्टी त्यात एकाच वाक्यात आल्या आहेत.

प्रश्न : आमच्या मशिदीत वजूसाठी (नमाजाआधी हात, तोंड, पाय धुण्यासाठी) पूर्वी हौद होता, आता नळ बसवले आहेत. रमजानमध्ये पाण्याची टाकी दिवसातून तीनदा भरावी लागते. नमाजींना पाणी जपून वापरा म्हटले, तर "इबादतीच्या पाण्यात कंजुषी कशाला?" असे उत्तर मिळते. त्यांना काय सांगावे?
– एका मशिदीचे विश्वस्त, मिरज

उत्तर : त्यांना पैगंबर (स.) यांचे वजूचे माप सांगावे. बुखारी आणि मुस्लिम या हदीसांच्या दोन्ही संग्रहांत आले आहे, की ते एका मुद्द पाण्यात वजू आणि एक सा ते पाच मुद्द पाण्यात गुस्ल, म्हणजे पूर्ण स्नान, करीत असत. मुद्द म्हणजे मध्यम हातांच्या एका ओंजळीत मावेल इतके माप. निरनिराळ्या मजहबांच्या, म्हणजे इस्लामी कायद्याच्या परंपरांच्या, हिशेबाने ते साधारण पाऊण लिटर ते एक लिटर भरते. चार मुद्द म्हणजे एक सा. याचा अर्थ ज्यांच्या अनुकरणाचा आपण दिवसातून पाच वेळा उच्चार करतो, त्यांचे वजू पाण्याच्या एका बाटलीत होत असे आणि आंघोळ एका लहान बादलीत.

गेल्या उन्हाळ्यात मी स्वतः एक गोष्ट करून पाहिली. आमच्या मोहल्ल्यातील मशिदीत असरच्या (दुपारनंतरच्या नमाजाच्या) आधी, एका ओळखीच्या नमाजीची परवानगी घेऊन, त्यांच्या नळाखाली घरची रंगाची रिकामी बादली ठेवली. त्यांनी नेहमीसारखे वजू केले. हात चोळताना नळ चालू, डोक्यावरून ओला हात फिरवताना नळ चालू, पाय धुवून चप्पल शोधेपर्यंतही नळ चालू. बादली निम्म्याच्या वर भरली. त्यांनी बादलीकडे पाहिले, काही बोलले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी घरून येताना एक पितळी लोटा घेऊन आले. मला वाटते, ज्यांना तुम्ही समजावू पाहता त्यांच्यापुढे आयत किंवा हदीस ठेवण्याआधी ही बादली ठेवावी.

पैगंबरांचे सहकारी साद (र.) वजू करीत असताना पैगंबर (स.) तेथून जात होते आणि "ही उधळपट्टी कसली?" असे त्यांनी विचारले, तेव्हा "वजूतही उधळपट्टी असते काय?" या सादांच्या प्रश्नावर "होय, वाहत्या नदीच्या काठी असलास तरीही," असे उत्तर त्यांनी दिले, ही इब्न माजा यांच्या संग्रहातील हदीस बहुतेकांनी ऐकलेली असते. तिच्या सनदीवर, म्हणजे ती ज्यांच्याकरवी आली त्या साखळीवर, काही हदीस-अभ्यासकांनी आक्षेप घेतला आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तथापि वजूत गरजेपेक्षा अधिक पाणी वापरणे मकरूह (नापसंत) आहे, यावर चारही मजहबांचे फकीह (धर्मकायद्याचे जाणकार) एकमताने बोलतात, त्यामुळे निर्णय बदलत नाही. आपल्या विश्वस्त मंडळाने नळांना कमी धारेच्या तोट्या बसवाव्यात, आणि वजूचे वाहून जाणारे पाणी गटारात न सोडता आवारातील झाडांकडे न्यावे. हनफी मजहबाच्या मताप्रमाणे ते पाणी पुन्हा वजूला चालत नाही, पण ते नापाकही नसते. झाडांना द्यायला कसलीच आडकाठी नाही. जुना हौद बुजवला नसेल तर तो बुजवू नये, पावसाचे पाणी साठवायला त्याचा उपयोग होईल.

प्रश्न : आमच्या पाटावर वरच्या अंगाचे बागायतदार पाळी संपली तरी दारे बंद करीत नाहीत आणि टेलच्या (पाटाच्या शेवटच्या टोकाच्या) आम्हा शेतकऱ्यांना पाणी पोचत नाही. तालुक्यात एका बाजूला जादा पाण्याने जमिनी क्षारपड झाल्या आहेत आणि दुसऱ्या बाजूला ऊस वाळतो आहे. मी हिंदू आहे. पण आपले सदर नेमाने वाचतो. पाण्याच्या वाटपाविषयी इस्लाममध्ये काही ठोस नियम आहे का, की केवळ उपदेशच आहे?
– शेतकरी, वाळवा तालुका

उत्तर : आपला प्रश्न सर्वांत मोलाचा आहे, आणि त्याचे उत्तर सविस्तर देणे मला माझे कर्तव्य वाटते. नियम आहे, आणि तो मोजता येणारा आहे.

मदिनेच्या बाहेर ज्वालामुखीच्या काळ्या दगडांचा प्रदेश आहे. त्याला हर्रा म्हणतात. त्या बाजूने पावसाचे पाणी ओहोळांतून खाली वाहत येई आणि खजुराच्या बागा त्यावर भिजत. पैगंबरांचे आतेभाऊ जुबैर (र.) यांची बाग वरच्या अंगाला होती व एका अन्सारी (मदिनेतील साथीदारांपैकी एका) गृहस्थांची खालच्या अंगाला. पाणी मोकळे सोडावे म्हणून खालच्याने आग्रह धरला, वरच्याने नकार दिला आणि तंटा पैगंबरांपुढे आला. त्यांनी आधी सबुरीचा तोडगा सांगितला: जुबैर, तू तुझी बाग भिजव आणि मग पाणी शेजाऱ्याकडे जाऊ दे. अन्सारी रागाने म्हणाले, "तो तुमचा आतेभाऊ म्हणूनच ना?" हे ऐकून पैगंबरांच्या चेहऱ्याचा रंग बदलला, आणि त्यांनी मग जुबैर यांना त्यांचा पूर्ण कायदेशीर हक्क दिला: पाणी बांधाला लागेपर्यंत अडव, मग सोड. पुढे लोकांनी या 'बांधाला लागेपर्यंत'चे माप काढले तेव्हा ते घोट्यापर्यंत भरले. महजूर नावाच्या ओहोळाच्या बाबतीतही हाच निवाडा झालेला आहे: वरच्याने घोट्यापर्यंत पाणी धरावे आणि नंतर ते खालच्याकडे सोडावे.

दारे धरण्याचे काम ज्याने रात्री-अपरात्री केले आहे, त्याला या निवाड्यातील शहाणपण माझ्यापेक्षा लवकर कळेल. वरच्या शेतकऱ्याचा पहिला हक्क मान्य केला आहे, कारण पाणी त्याच्याच रानातून आधी येते. पण त्या हक्काला उंची दिली आहे. ही उंची माणसाच्या स्वतःच्या पायावर मोजायची आहे, म्हणजे मोजणीसाठी पाटकऱ्याची वाट पाहण्याचीही गरज नाही. घोटा बुडाला की आपला हक्क संपला आणि शेजाऱ्याचा सुरू झाला. आपण लिहिलेली क्षारपड जमीन म्हणजे घोट्याच्या वर गेलेल्या पाण्याचेच फळ आहे. उसाला मोकाट पाणी पाजत राहिल्याने काळ्या जमिनीत निचरा होत नाही, खालचे क्षार वर येतात आणि काही वर्षांत रान पांढरे पडते. कृष्णाकाठी अशी राने मी पाहिली आहेत. वर मिठासारखा थर, पायाखाली चिकण आणि मध्ये कुठेतरी लव्हाळ्याचा पुंजका. सूरह अर-रहमानमध्ये आकाश उंच उभारल्याचा उल्लेख झाल्याबरोबर 'मीजान' म्हणजे तराजू ठेवल्याचा उल्लेख येतो आणि त्या तराजूत अतिरेक करू नका, असे बजावले जाते. या आयतीचा अर्थ सांगताना मी हल्ली क्षारपड रानाचेच उदाहरण देतो.

आणखी एक तपशील शेतकरी म्हणून आपल्याला महत्त्वाचा वाटेल. शेतीच्या उत्पन्नावरची जकात (धर्माने बंधनकारक केलेले दान), जिला उश्र म्हणतात, ती पावसावर किंवा झऱ्यावर पिकलेल्या मालाची दहावा हिस्सा आणि कष्टाने पाणी ओढून पिकवलेल्या मालाची विसावा हिस्सा असते. म्हणजे पाणी आणण्याची मेहनत धर्माने हिशेबात धरली आहे आणि त्या शेतकऱ्याचा बोजा निम्मा केला आहे. म्हैसाळ आणि टेंभूसारख्या उपसा योजनांच्या पाण्याची किंमत जत-आटपाडीचा शेतकरी जाणतो. त्याच नदीचे पाणी फुकटात मिळणाऱ्या काठच्या माणसानेही ती जाणली पाहिजे.

गरजेहून अधिकचे पाणी अडवून ठेवण्यास पैगंबरांनी स्पष्ट मनाई केली आहे, आणि पाणी, कुरण व अग्नी या तीन गोष्टींत सर्व लोक भागीदार आहेत, असेही सांगितले आहे. या भागीदारीचे एक उदाहरण आमच्या मिरजेत सर्वांनी डोळ्यांनी पाहिले. एप्रिल २०१६ मध्ये लातूर तहानलेले असताना मिरज स्थानकातून पाण्याची रेल्वेगाडी निघाली. पहिल्या गाडीला 10 वाघिणी होत्या आणि त्यांत 5 लाख लिटर पाणी होते. गाडी सुटताना फलाटावर उभी असलेली माणसे कोणत्या धर्माची होती, हे कोणी विचारले नाही. टेलच्या शेतकऱ्यासाठी मात्र गाडीची गरज नाही. वरच्याने वेळेवर दारे बंद केले तरी पुरे.

प्रश्न : आमच्या गावाला देवराई आहे. तेथील फांदीही कोणी तोडत नाही. इस्लाममध्ये मूर्तिपूजा नाही, त्यामुळे राखलेल्या वनाची कल्पनाही नसणार, असे आमच्या एका मित्राचे म्हणणे आहे. हे खरे आहे का?
– शिक्षिका, पाटण तालुका

उत्तर : हे खरे नाही. मक्केच्या हरममध्ये (पवित्र परिसरात) झाड तोडणे, तेथील पशुपक्ष्यांना हुसकावणे आणि शिकार करणे निषिद्ध आहे. मक्का जिंकल्यावर पैगंबरांनी हा नियम जाहीर केला, तेव्हा घरांसाठी व सोनारांसाठी लागते म्हणून इजखिर नावाच्या गवताची तेवढी सूट मागण्यात आली आणि ती मिळाली. मदिनेलाही असेच संरक्षण देण्यात आले. हज यात्रेकरू इहराममध्ये (यात्रेच्या व्रतस्थ अवस्थेत) असताना त्याला जमिनीवरच्या प्राण्याची शिकार करता येत नाही, आणि केल्यास भरपाई द्यावी लागते.

याशिवाय 'हिमा' म्हणून राखीव कुरणांची पद्धत होती. इस्लामपूर्व अरबस्तानात टोळीप्रमुख स्वतःच्या जनावरांसाठी कुरण राखून घेत. पैगंबरांनी ती मक्तेदारी मोडली आणि हिमा केवळ सार्वजनिक कामासाठीच राखता येईल, असे ठरवले. पैगंबरांनंतरचे दुसरे खलिफा, म्हणजे राज्यप्रमुख, उमर (र.) यांनी आपल्या राखणदाराला दिलेल्या सूचना बुखारींच्या संग्रहात आहेत, आणि त्या प्रत्येक वनसमितीने वाचाव्यात इतक्या चांगल्या आहेत. थोडी शेळ्यामेंढरे असलेल्या गरिबाला आत येऊ दे, पण इब्न औफ आणि इब्न अफ्फान यांच्या कळपांपासून सावध राहा, असे ते म्हणाले. हे दोघेही पैगंबरांचे निकटचे आणि श्रीमंत सहकारी होते, इब्न अफ्फान म्हणजे पुढे तिसरे खलिफा झालेले उस्मान (र.). त्यांची जनावरे मेली तर त्यांच्याकडे बागा आणि शेती आहे, गरिबाची मेली तर तो पोराबाळांना घेऊन माझ्या दारात उभा राहील, हे उमर यांनी दिलेले कारण आहे.

आपल्या देवराईत देवाची भीती जे काम करते, ते तेथे कायद्याने आणि हिशेबाच्या दिवसाच्या भीतीने केले. श्रद्धेची भाषा निराळी आहे, राखलेली सावली सारखीच. आपल्या मुलांना देवराईत नेता तेव्हा या हिमाची गोष्टही त्यांना जरूर सांगावी.

प्रश्न : प्राण्यांवर दया करा म्हणणारा धर्म कुर्बानीही सांगतो. शिवाय ईदनंतर काही ठिकाणी आतडी, कातडी, रक्त उघड्यावर किंवा ओढ्यात टाकलेले दिसते. याचा मेळ कसा घालायचा?
– गृहिणी, सांगली

उत्तर : प्रश्नाचा पहिला भाग श्रद्धेचा आहे आणि त्यावर आपले मत माझ्यापेक्षा निराळे असू शकते, याचा मी आदर करतो. माझे म्हणणे एवढेच आहे, की इस्लामने प्राणी कापण्याची परवानगी दिली ती अटींसह. मुस्लिम यांच्या संग्रहातील हदीस सांगते, की अल्लाहने प्रत्येक बाबतीत भलेपणा बंधनकारक केला आहे, म्हणून जबह करताना (जनावर कापताना) सुरी धारदार असावी आणि जनावराला सुख द्यावे. एका अन्सारीच्या बागेत उपाशी आणि राबवून थकलेला उंट पैगंबरांना पाहून कण्हला, तेव्हा त्यांनी मालकाला बोलावून अल्लाहची भीती घालून दिली. मांजरीला बांधून उपाशी मारणारी बाई शिक्षेस पात्र ठरली; तहानलेल्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून पायातल्या मोज्यात पाणी भरून आणणाऱ्या माणसाला माफी मिळाली.

दुसऱ्या भागाबद्दल मात्र मला कोणताही बचाव करावयाचा नाही. तो दोष आमचा आहे आणि तो आम्हीच दूर केला पाहिजे. पाण्याच्या जागी, वाटेवर आणि लोक बसतात त्या सावलीत घाण करणे, ही लोकांचे शाप ओढवून घेणारी कामे आहेत, अशी हदीस आहे. वाटेतली त्रासदायक वस्तू दूर करणे हा श्रद्धेचा एक अंश मानला आहे. जो माणूस कुर्बानीसाठी महिन्यांच्या कमाईचा बोकड घेतो, त्याला अवशेषांसाठी हातभर खोल खड्डा खणणे किंवा महापालिकेच्या गाडीची वाट पाहणे अवघड नाही. ईदच्या आदल्या शुक्रवारच्या खुत्ब्यात (प्रवचनात) इमामांनी कुर्बानीच्या फजीलतीइतकाच (महतीइतकाच) वेळ या खड्ड्यासाठी द्यावा, असे मी या सदरातून आवर्जून सुचवतो.

प्रश्न : 2019 च्या महापुरात आमचे घर आठवडाभर पाण्यात होते. आमच्या नात्यातले एक बुजुर्ग म्हणाले, ही अल्लाहची मर्जी, यात माणसाच्या हातात काही नाही. मला हे पटले नाही. पण असे वाटणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे आहे का?
– एक भगिनी, सांगली

उत्तर : मुळीच नाही. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. पाणी ओसरल्यावर गावभागातील एका स्नेह्यांचे घर साफ करायला मी गेलो होतो. भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर गाळाची एक सरळ तपकिरी रेघ होती, कपाट उघडले तेव्हा त्यांच्या मुलीच्या वह्या एकमेकींना चिकटून विटेसारख्या जड झाल्या होत्या, आणि अंगणातल्या शेवग्याच्या प्रत्येक फांदीला प्लास्टिकच्या पिशव्या लोंबत होत्या. पाऊस अल्लाहने पाडला, हे मी मानतो. त्या पिशव्या त्याने पाडल्या नव्हत्या.

सूरह अर-रूमची ४१वी आयत आपल्या प्रश्नाचे थेट उत्तर देते. जमिनीवर आणि पाण्यात बिघाड दिसू लागला आहे तो लोकांच्या हातांनी जे कमावले त्यामुळे, आणि त्यांनी केलेल्याची थोडी चव त्यांना चाखायला मिळावी, म्हणजे कदाचित ते माघारी फिरतील, असे तेथे म्हटले आहे. ओढ्या-नाल्यांवर भराव टाकून प्लॉट पाडणे, पूररेषेच्या आत बांधकाम करणे, ही हातांची कमाई आहे. तिला नशीब म्हणणे हा अल्लाहवर घेतलेला आळ आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असे विचारणाऱ्याला पैगंबर (स.) म्हणाले होते, की आधी तो बांध आणि मग भरवसा ठेव.

दोन मजली जहाजाची एक हदीस बुखारींनी दिली आहे. खालच्या मजल्यावरचे लोक पाण्यासाठी वरच्यांना त्रास नको म्हणून आपल्याच मजल्याला भोक पाडू म्हणतात. वरच्यांनी त्यांना तसे करू दिले तर सगळेच बुडतील आणि त्यांचा हात धरला तर सगळेच वाचतील. ओढ्यावर पहिला डंपर रिकामा होत असताना ज्यांनी हात धरायला हवा होता, त्यांत मी होतो आणि आपले बुजुर्गही होते. त्यांना राग न येईल अशा शब्दांत ही हदीस एकदा वाचून दाखवावी.

प्रश्न : आजचे उलेमा (धर्मविद्वान) आणि मुस्लिम देश या विषयावर काही करतात की नाही?
– वाचक, तासगाव

उत्तर : करतात, पुरेसे नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये इस्तंबूल येथे अनेक देशांतील विद्वानांनी हवामान बदलाविषयी इस्लामी जाहीरनामा प्रसिद्ध केला आणि त्यात तेलसंपन्न देशांना हरितगृह वायू कमी करण्यात पुढाकार घेण्याचे आवाहन नाव घेतल्यासारखे केले. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने २०१४ मध्ये दुर्मिळ वन्यप्राण्यांच्या बेकायदा शिकारीविरुद्ध फतवा काढला. टांझानियातील पेंबा बेटाजवळच्या मिसाली येथे सुरुंग लावून मासेमारी करणाऱ्यांना सरकारी बंदीपेक्षा कुराणातील अमानतीची भाषा अधिक समजली, असा अनुभव नोंदलेला आहे. दुसरीकडे तेलावर उभी असलेली अर्थव्यवस्था आणि वाळवंटात वातानुकूलित केलेले बाजार आपण सारेच पाहतो. आचरण शिकवणीच्या मागे आहे, हे लपवण्यात अर्थ नाही.

प्रश्न : माझे वय पंचाहत्तर आहे. बांधावर चिंच लावावी असे मनात आहे. मुलगा म्हणतो, तिला फळ येईपर्यंत तुम्ही असणार का? या वयात लावलेल्या झाडाचे पुण्य मिळते का?
– शेतकरी, जत तालुका

उत्तर : चाचा, मिळते. मुसलमानाने लावलेल्या झाडाचे किंवा पेरलेल्या पिकाचे जे काही पक्षी, माणूस किंवा जनावर खाईल ते त्याच्या खाती सदका (दान) म्हणून जमा होते, अशी हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोघांनीही दिली आहे. लावणाऱ्याने ते फळ खाल्ले पाहिजे, अशी अट तीत नाही. कयामत (जगाचा शेवट) समोर उभी ठाकली आणि कोणाच्या हातात रोप असले, तरी जमत असेल तर त्याने ते लावून टाकावे, असेही पैगंबर (स.) यांनी सांगितले आहे, पंचाहत्तर वर्षे त्या मानाने काहीच नाहीत.

जतच्या उन्हाचा विचार करून दोन व्यावहारिक सूचना देतो. खड्डा मेअखेरीलाच दोन फूट खोल खणून तापू द्यावा आणि पहिला चांगला पाऊस झाल्यावर त्यात शेणखत मिसळून रोप लावावे. बुंध्यापासून हातभर अंतरावर तळाला बारीक छिद्र पाडून वात घातलेले एक मडके गळ्यापर्यंत पुरावे आणि ते उन्हाळ्यात चार दिवसांनी भरावे. पहिली दोन वर्षे शेळ्यांपासून राखण्यासाठी भोवती बाभळीच्या काट्या लावाव्यात, आणि मडके भरण्याचे काम मुलाकडे सोपवावे.